सोडियम सल्फाइट: ऑक्सिजन टिपणारा पांढरा क्षार

वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिसुर्ले. गोव्यातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत वाफेवर चालणारा कारखाना असेल, तर त्याच्या बॉयलर हाउसच्या कोपऱ्यात रसायनाची पांढरी पोती बहुधा रचलेली असतात. त्यातल्या बऱ्याच पोत्यांवर नाव असते सोडियम सल्फाइट. आत मिठासारखी दिसणारी पांढरी भुकटी. तिथे रोज काम करणाऱ्यांपैकी अनेकांना ‘पाण्यात घालायचे औषध’ यापलीकडे तिची ओळख नसते. हाच क्षार फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये डबेच्या डबे संपायचा. त्याची सख्खी भावंडे कोळंबीच्या बर्फात आणि वाइनच्या बाटलीत आहेत. जवळजवळ सगळीकडे काम एकच: ऑक्सिजन दुसऱ्या कशावर हल्ला करण्याआधी त्याला स्वतःवर ओढून घ्यायचे.

हे तो का करतो, ते त्याच्या घडणीत आहे. सोडियम सल्फाइटमध्ये गंधकाच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे तीन अणू असतात आणि सोबत सोडियमचे दोन. गंधकाजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी अजून मोकळी असते, म्हणजे चौथ्या ऑक्सिजनला बसायला जागा असते. तो चौथा मिळाला की सल्फाइटचे सल्फेट होते, आणि सल्फेट हा शांत, तृप्त पदार्थ आहे. त्याला पुढे काही नको असते. हवेतला, पाण्यात विरघळलेला, क्लोरीनच्या रूपाने आलेला, कुठल्याही वाटेने आलेला ऑक्सिडीकारक दिसला की सल्फाइट तिकडे धावतो तो या रिकाम्या जागेपायी. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला क्षपणक म्हणतात. सोडियम सल्फाइट हा सौम्य, स्वस्त आणि हाताळायला तुलनेने सोपा क्षपणक आहे, आणि उद्योगांनी तो उचलला त्याचे कारणही हेच.

दिसायला पांढरा, पाण्यात चांगला विरघळणारा. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २७ ग्रॅम मावतो. पाणी तापवले की जास्त विरघळेल असे आपल्याला वाटते, पण इथे सुमारे ३३ अंशांपर्यंतच विद्राव्यता वाढते आणि त्यापुढे उलट किंचित घटते. म्हणून द्रावण करायला साधे, कोमट पाणी पुरते. द्रावण अल्कधर्मी असते, पीएच साधारण ९.

तो दोन रूपांत मिळतो आणि इथे खरेदी करणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला हवेत. एक निर्जल भुकटी आणि दुसरे सप्तजल स्फटिक, ज्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. निर्जल सल्फाइटचा रेणुभार १२६, सप्तजलाचा २५२. म्हणजे स्फटिकांच्या वजनात निम्मे पाणीच. भुकटीच्या हिशेबाने ठरवलेली मात्रा स्फटिकांनी दिली तर काम निम्मेच होते, आणि पोत्यावरची दोन ओळींची माहिती न वाचल्यामुळे ही चूक सर्रास होते.

तयार करायची रीत सरळ आहे. गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वायू मिळवायचा आणि तो धुण्याच्या सोड्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडायचा. वायू भरपूर असेल तर आधी सोडियम बायसल्फाइट बनते, मग त्यात आणखी अल्कली घातली की सल्फाइट. हे नाते दोन्ही दिशांनी चालते, आणि ते लक्षात ठेवले तर पुढचे बरेच काही कळते. पाणी अल्कधर्मी असताना सल्फाइट, आम्लाकडे झुकले की बायसल्फाइट, आणि चांगलेच आम्लधर्मी झाले की पुन्हा तोच घसा जाळणारा सल्फर डायऑक्साइड बाहेर. बायसल्फाइट घन रूपात हवे असेल तर मेटाबायसल्फाइट म्हणून विकतात. पाण्यात पडले की ते परत बायसल्फाइटच होते.

आता बॉयलर. गोव्यात औषधांचे, खाद्यपदार्थांचे, पेयांचे जे कारखाने आहेत, त्यांची बरीच कामे वाफेवर चालतात. बॉयलरच्या लोखंडी नळ्यांचा मोठा शत्रू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. ३० अंशांच्या साध्या पाण्यात एका लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. आकडा चिमूटभर वाटतो, पण तापलेल्या पाण्यात तो लोखंडावर सारखा पसरून गंजत नाही, एका जागी बसून खोल उकरतो. अशी खराब झालेली नळी उभी कापून पाहिली तर आतल्या बाजूला तांबूस तपकिरी फोड दिसतात, मसुराच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे. नखाने फोड उचलला की खाली काळी ओलसर पूड, आणि ती पुसली की गोल खड्डा. बाकीची नळी अगदी धडधाकट असते. पण वाफेच्या दाबाखाली तेवढा एक खड्डा आरपार गेला की बॉयलर बंद आणि उत्पादन ठप्प.

यावर पहिला उपाय रसायनाचा नाही, तापवण्याचा आहे. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. ८० अंशांना तो लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅमवर येतो. मोठ्या कारखान्यांत पाण्यातली हवा काढणारा डीएरेटर असतो, तो यापेक्षा पुष्कळ खाली नेतो. उरलेला ऑक्सिजन टिपायला सल्फाइट. सल्फाइटचे दोन रेणू ऑक्सिजनचा एक रेणू घेतात, म्हणजे २५२ भार सल्फाइटला ३२ भार ऑक्सिजन. एक ग्रॅम ऑक्सिजन टिपायला जवळपास आठ ग्रॅम सल्फाइट लागते.

हिशेब मांडून पाहू. ताशी दोन टन वाफ देणारा बॉयलर आहे आणि चोवीस तास चालतो. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टँकमधले पाणी ८० अंशांवर राखले, तर ताशी दोन हजार लिटर पाण्याबरोबर सहा ग्रॅम ऑक्सिजन आत येतो. त्याला सत्तेचाळीस ग्रॅम सल्फाइट, दिवसाला सव्वा किलोच्या आत. तेच पाणी ३० अंशांवर आत सोडले तर ऑक्सिजन पंधरा ग्रॅम आणि सल्फाइट दिवसाला पावणेतीन किलोच्या वर. वाफेचे थंड होऊन झालेले पाणी (कंडेन्सेट) परत आणून फीड टँक गरम ठेवणारा कारखाना इंधनही वाचवतो आणि रसायनही. टँक थंड ठेवून पोती रिकामी करत बसणे मला अजिबात पटत नाही.

गणिताएवढीच मात्रा देऊन भागत नाही. थोडे सल्फाइट बॉयलरच्या पाण्यात कायम शिल्लक राहिले पाहिजे, म्हणजे मध्येच जास्तीचा ऑक्सिजन शिरला तरी त्याची गाठ आधी सल्फाइटशी पडेल. कमी आणि मध्यम दाबाच्या बॉयलरमध्ये ही शिल्लक सर्वसाधारणपणे लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवतात. थंड पाण्यात सल्फाइट आणि ऑक्सिजनची क्रिया रेंगाळते, म्हणून बॉयलरसाठीच्या भुकटीत बहुधा कोबाल्टचा क्षार अगदी नाममात्र मिसळलेला असतो. त्या उत्प्रेरकामुळे काम मिनिटाच्या आत होते. मात्रा पंपाने थेंबथेंब, सतत, फीड टँकमध्ये पाण्याच्या पातळीखाली द्यायची. पाळी बदलताना वरून मगभर ओतण्यात अर्थ नाही, कारण मग तासभर पाण्यात सल्फाइट भरपूर आणि उरलेले तास कोरडे.

शिल्लक मोजायची चाचणी पाहण्यासारखी आहे आणि प्रत्येक बॉयलर अटेंडंटला ती हाताने करता आली पाहिजे. बॉयलरचे पाणी कूलरमधून थंड करून बाटलीत काठोकाठ भरून घ्यायचे. अर्धवट भरून हलवत नेले तर वाटेतच हवा सल्फाइट खाऊन टाकते आणि आकडा खोटा येतो. मोजून घेतलेल्या नमुन्यात थोडे आम्ल, थोडी स्टार्चची पूड, आणि मग ब्युरेटमधून आयोडाइड-आयोडेटचे द्रावण एकेक थेंब. प्रत्येक थेंबागणिक आयोडीन तयार होते आणि पडल्या जागी निळा ढग उमटतो, पण फ्लास्क हलवला की तो विरून जातो. पाण्यात सल्फाइट असेपर्यंत ते आयोडीनला स्टार्चपर्यंत पोचू देत नाही. सल्फाइट संपले की पुढच्या थेंबाला निळा रंग टिकतो. किती द्रावण लागले, त्यावरून किती सल्फाइट होते ते कळते. पाच मिनिटांचे काम आहे. ते प्रत्येक पाळीला झाले आणि वहीत नोंदले गेले तर नळ्या वर्षानुवर्षे टिकतात.

मर्यादाही आहेत. सल्फाइटचे सल्फेट झाले तरी ते पाण्यातच राहते, म्हणून विरघळलेले क्षार वाढतात आणि ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरमधले खारट पाणी काढून टाकणे, वाढवावा लागतो. दाब सुमारे ६० बारच्या वर गेला की सल्फाइट फुटू लागते. त्यातून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघतात आणि पुढच्या पाइपांना खातात. मोठ्या वीजकेंद्रांत म्हणूनच ते वापरत नाहीत. आपल्याकडच्या साध्या बॉयलरना मात्र ते चपखल आहे. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तर विशेषच, कारण त्याचा जुना स्पर्धक हायड्रॅझीन विषारी आहे आणि जिथे वाफ अन्नाला लागते तिथे तो टाळलेलाच बरा.

पाण्याचे दुसरे काम क्लोरीन काढण्याचे. ओपा, अस्नोडा, साळावली इथून येणारे नळाचे पाणी जंतुविरहित राहावे म्हणून त्यात क्लोरीन असते आणि ते असलेच पाहिजे. पण कारखान्यात हे पाणी आरओमधून जाते. आरओचा पॉलिअमाइडचा पडदा क्लोरीनने सडतो आणि एकदा सडला की दुरुस्त होत नाही. इथे बहुधा मेटाबायसल्फाइट वापरतात, कधी सल्फाइट. एक ग्रॅम क्लोरीनला सोडियम सल्फाइट १.७८ ग्रॅम लागते, मेटाबायसल्फाइट १.३४ ग्रॅम. व्यवहारात त्याहून थोडे जास्त देतात. क्रिया क्षणात होते आणि मागे उरतात सल्फेट आणि क्लोराइड.

डार्करूमची गोष्ट वेगळ्या अंगाने सुंदर आहे. फिल्म धुण्याचे डी-७६ नावाचे प्रसिद्ध डेव्हलपर घ्या. एका लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम. चित्र उमटवणारी रसायने सात ग्रॅम आणि त्यांना जपणारे शंभर. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन हवेने लगेच तपकिरी पडून निकामी होतात. सल्फाइट ऑक्सिजन टिपते, शिवाय डेव्हलपरचे खर्ची पडलेले अंश बांधून ठेवते, म्हणजे फिल्मवर डाग पडत नाहीत. इतक्या मोठ्या प्रमाणात असले की ते चांदीच्या क्षाराचे कण कडेकडेने किंचित विरघळवते आणि चित्राचा दाणा बारीक दिसतो. पणजी-मडगावच्या जुन्या स्टुडिओंत काढलेले लग्नांचे कृष्णधवल फोटो आज आल्बममध्ये स्वच्छ दिसतात, त्यात या क्षाराचाही वाटा आहे.

खाण्यापिण्याकडे वळल्यावर सूर जरा सावध करावा लागतो. अन्नात घालायच्या पदार्थांना पाकिटावर छापायचे क्रमांक असतात, त्यात सोडियम सल्फाइटचा क्रमांक २२१. सल्फर डायऑक्साइड २२०, सोडियम मेटाबायसल्फाइट २२३, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २२४. सुक्या जर्दाळूचा केशरी रंग, वाइनचा टिकाऊपणा, सरबतांचे न आंबणे यामागे बहुतेक वेळा हेच घराणे असते. काजूच्या बोंडांचा रस झाडाखाली काही तासांत आंबायला लागतो. फेणीसाठी ते हवेच असते, पण तोच रस सरबत म्हणून ठेवायचा तर मेटाबायसल्फाइटची अल्प मात्रा घालतात. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्यासारख्या आपल्याकडच्या साखर कारखान्यांत उसाच्या रसात चुना घालून सल्फर डायऑक्साइड सोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यातून तयार होणारे कॅल्शियम सल्फाइट गाळ घेऊन खाली बसते आणि रसाचा रंग उतरतो.

कुटबण किंवा मालीमच्या जेटीवर उतरणाऱ्या कोळंबीकडे पाहा. पकडल्यावर काही तासांत तिच्या डोक्याजवळ आणि कवचाच्या सांध्यांत काळे डाग दिसू लागतात. हे सडणे नव्हे. कोळंबीच्या अंगातलेच एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काळे रंगद्रव्य बनवते, कापलेले सफरचंद तपकिरी पडते त्याच जातीची ही क्रिया. चव फारशी बिघडत नाही, पण निर्यातीचा भाव पडतो. मेटाबायसल्फाइटच्या सौम्य द्रावणात मिनिटभर बुडवली की विकर थंडावते. अन्नाची मानके ठरवणाऱ्या कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार गोठवलेल्या कच्च्या कोळंबीच्या खाण्याच्या भागात सल्फर डायऑक्साइडच्या हिशेबाने किलोमागे १०० मिलिग्रॅम, शिजवलेल्यात ३० मिलिग्रॅम ही कमाल. मोजून केले तर हे काम सुरक्षित आहे. मूठमूठ भुकटी बर्फावर भुरभुरवणे मात्र घातक. ट्रॉलरच्या बंद कप्प्यात ओलसर मेटाबायसल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा दुपटीहून जड असतो आणि तळाशी साचतो. खाली उतरणाऱ्या माणसाला काय झाले ते कळायच्या आत श्वास अडकतो. कप्पा उघडून, हवा खेळवून, वर एक माणूस उभा ठेवूनच आत उतरावे.

बहुतेकांना अन्नातल्या सल्फाइटने काही होत नाही. शरीरात स्वतःचे एक विकर आहे, ते सल्फाइटचे सल्फेट करून लघवीवाटे बाहेर काढते. पण दम्याच्या काही रुग्णांना थोड्याशा मात्रेनेही छाती आवळते. अमेरिकेत सॅलड बारमधल्या भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून सल्फाइट फवारायचे. त्यातून गंभीर प्रतिक्रिया आणि मृत्यू झाल्यावर १९८६ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कच्च्या खायच्या फळभाज्यांवर ते वापरायला बंदी केली. भारतात अन्नाच्या वेष्टनावर सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत लिहावेच लागते. घरात दमेकरी असेल तर पाकिटावरचे २२० ते २२८ हे आकडे शोधायची सवय लावा. मांसावर मात्र ते कुणी वापरत असेल तर सरळ फसवणूक समजावी. शिळ्या मांसाला ते ताजा लाल रंग आणते, शिवाय ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. एक गोष्ट इथेच सांगतो. काही अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनांत औषध टिकावे म्हणून सल्फाइट असते. सल्फाइटची अ‍ॅलर्जी आहे म्हणून जिवावर बेतलेल्या प्रसंगी ते इंजेक्शन नाकारू नये, त्यातला अंश फार थोडा आणि औषधाची गरज फार मोठी असते.

कागद उद्योगात या कुळाचे काम थोडे निराळे आहे. तिथे ते लाकडातले तंतू चिकटवून ठेवणाऱ्या लिग्निनला जोडले जाऊन त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करते आणि तंतू सुटे होतात. बेंजामिन टिल्घमन या अमेरिकनाने १८६७ मध्ये सल्फाइट लगद्याचे पेटंट घेतले आणि १८७४ मध्ये कार्ल डॅनियल एकमन यांनी स्वीडनमधल्या बर्गविक इथे पहिली गिरणी चालवली. आजही पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या नागमोडी थरासाठी सोडियम सल्फाइटने शिजवलेला लगदा वापरतात. कापडावरचे उरलेले क्लोरीन काढायलाही ते चालते.

साठवणीबद्दल थोडे. कोरड्या हवेत निर्जल भुकटी बरीच टिकते, पण आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत उघडे पोते ढेकूळ धरते आणि हळूहळू आतल्या आत सल्फेट बनत जाते. दिसायला काही फरक पडत नाही, कारण सल्फेटही पांढरेच. मात्रा तीच देऊन शिल्लक कमी यायला लागली तर आधी पोत्याचा संशय घ्यावा. आतली प्लॅस्टिकची पिशवी बांधून, जमिनीपासून उचलून, भिंतीपासून दूर ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नळ्यांवरचा क्षार काढायला आणलेले आम्लाचे कॅन याच खोलीत ठेवू नयेत. अनेक ठिकाणी ते शेजारी शेजारी दिसतात. एक कॅन गळला की छोट्याशा बॉयलर हाउसमध्ये सल्फर डायऑक्साइड भरायला वेळ लागत नाही.

उरलेले द्रावण गटारात ओतायचे का? मुळीच नाही, आणि याचे कारण पुन्हा तीच ऑक्सिजनची ओढ. एक किलो सल्फाइट १२७ ग्रॅम ऑक्सिजन टिपते. २८ अंशांच्या स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरमागे ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे किलोभर सल्फाइट सोळा हजार लिटर पाणी बिनऑक्सिजनचे करू शकते आणि पंचवीस किलोचे एक पोते चार लाख लिटर. भरवेगाने वाहणाऱ्या मांडवीत त्याचा पत्ता लागणार नाही, पण खाजन शेताच्या मानशीआड (बांधातल्या पाण्याच्या दाराआड) साचलेल्या पाण्यात किंवा ओहोटीच्या वेळच्या आटलेल्या खाडीत मासे वर येऊन तोंड उघडू लागतील. विष म्हणून सल्फाइट तिथे फारसे काही करत नाही, माशांचा श्वास आधीच संपवते. सांडपाणी प्रकल्पांत हाच गुण चाचणीला वापरतात. पाण्यात हवा मिसळणाऱ्या नव्या एरेटरची क्षमता मोजायची तर टाकीतल्या स्वच्छ पाण्यात सल्फाइट आणि किंचित कोबाल्ट घालून ऑक्सिजन शून्यावर आणतात, मग एरेटर चालू करून तो किती वेगाने परत चढतो ते पाहतात. विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरचे शून्यही बहुधा ताज्या सल्फाइट द्रावणात बुडवून लावतात.

टाकाऊ द्रावणाची विल्हेवाट सोपी आहे. ते टाकीत साठवा, पीएच ८ ते ९ च्या आसपास ठेवा म्हणजे वायू सुटणार नाही, आणि ब्लोअरने खालून हवा सोडा. अधूनमधून नमुना काढून वरची आयोडीनची चाचणी करा. पहिल्याच थेंबाला निळा रंग टिकला की सल्फाइट संपले, टाकीत उरले ते सल्फेट. मग ते पाणी कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पात घेता येते.